कुलूप आणि काळजी एकाच हातात नको

1983 सालच्या डिसेंबरात हरदयाल सिंग नावाचा एक भारतीय माणूस इंग्लंडमधल्या डरहमच्या तुरुंगात होता. घरफोडीबद्दलची शिक्षा त्याने जुलैतच भोगून संपवली होती. त्याला भारतात परत पाठवण्याचा हुकूम निघालेला होता, पण परतीची कागदपत्रं मिळवण्याचं काम ब्रिटिश गृहखात्यात, म्हणजे होम ऑफिसात, रेंगाळत पडलं होतं आणि माणूस आतच होता. त्या अवस्थेत त्याने जीव देण्याचाही प्रयत्न केला. प्रकरण न्यायमूर्ती वुल्फ यांच्यापुढे आलं. त्यांनी सांगितलं की देशाबाहेर पाठवण्यासाठीच माणसाला स्थानबद्ध करता येईल, तेही वाजवी मुदतीपुरतं. तेवढ्यात पाठवणं जमणार नाही असं दिसलं तर त्याला धरून ठेवता येणार नाही, आणि सरकारने या कामात चालढकल करता कामा नये. आजही ब्रिटनमध्ये आश्रय मागणारा एखादा सुदानी किंवा अफगाण माणूस स्थानबद्धतेविरुद्ध कोर्टात जातो, तेव्हा त्याचा वकील ‘हरदयाल सिंग तत्त्वां’चाच आधार घेतो.

हरदयाल सिंग स्वतः आश्रयार्थी नव्हता. तरीही एका भारतीयाच्या हालांतून निघालेलं हे तत्त्व त्या देशातल्या आश्रयार्थींचं मुख्य कायदेशीर कवच झालं. पण वाजवी मुदत म्हणजे नेमके किती दिवस, हे संसदेने चार दशकांत सांगितलेलं नाही. गरोदर स्त्रिया आणि मुलांसाठी मर्यादा घातल्या गेल्या, बाकीच्या प्रौढांसाठी कायद्यात दिवसांचा आकडाच नाही.

हा आकडा हवाच. पण माझं म्हणणं त्याच्याही पलीकडे जातं. ब्रिटनमध्ये जे खातं माणसाला कोंडतं, तेच तो कोंडून घेण्याइतका धडधाकट आहे का हे ठरवतं. त्याला घर आणि आठवड्याचे पैसे तेच देतं, काही काळ तर एकट्या आलेल्या मुलांचा सांभाळही त्यानेच केला. कुलूप आणि काळजी एकाच हातात दिली की काळजी कुलपाची चाकर होते. ब्रिटनमधल्या स्थानबद्धतेच्या बहुतेक घोटाळ्यांचं मूळ मला इथे दिसतं.

आधी हे कुलूप लागतं कसं ते पाहू. 1971 च्या इमिग्रेशन कायद्याने परकीय माणसाला ताब्यात ठेवण्याचा अधिकार अधिकाऱ्याला दिला. त्यासाठी आरोपपत्र लागत नाही की आधी न्यायाधीशाची परवानगी लागत नाही. जामिनाचा अर्ज करता येतो, पण तो आतल्या माणसाने करायचा. त्याने केला नाही तर प्रकरण आपोआप न्यायाधिकरणापुढे जायला चार महिने लागतात. हीथ्रो विमानतळाशेजारी हार्मंड्सवर्थला पहिलं खास केंद्र या कायद्याच्याही आधी, 1970 मध्ये उघडलं, ते राष्ट्रकुलातून आलेल्या आणि प्रवेश नाकारलेल्या लोकांसाठी. त्यांत भारतीय उपखंडातले लोक होतेच. आज व्हिसाची मुदत उलटून गेलेला विद्यार्थीही 1971 च्या त्या अधिकाराखाली येतो. पुण्या-नाशिकहून मुलं तिकडे शिकायला पाठवणाऱ्या घरांनी म्हणूनच हा विषय परका मानू नये.

या अधिकाराचं प्रत्यक्षात काय होतं, ते गॅटविक विमानतळाजवळच्या ब्रूक हाउसमध्ये जगाने पाहिलं. 2009 साली उघडलेलं हे केंद्र धावपट्टीला लागून आहे. बांधणी कडेकोट तुरुंगाची, पण आराखडा जेमतेम बहात्तर तासांच्या मुक्कामाचा. माणसं मात्र तिथे महिनोन् महिने राहत होती. 2017 मध्ये तिथल्याच एका तरुण कर्मचाऱ्याने अंगावर छुपा कॅमेरा लावून चित्रीकरण केलं आणि सप्टेंबरमध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात ते दाखवलं गेलं. आत्महत्येचा धोका आहे म्हणून ज्याच्यावर सतत नजर ठेवली होती, अशा एका माणसाच्या गळ्याभोवती पहारेकऱ्याचे हात त्यात दिसले. नर्स त्याच खोलीत होती. तिच्या नोंदीत गळ्यावरच्या हातांचा उल्लेख नव्हता.

त्या वेळी केंद्र चालवण्याचं कंत्राट जीफोरएस या खासगी कंपनीकडे होतं आणि आतली आरोग्यसेवाही त्याच कंपनीकडे होती. कोंडणारा आणि तपासणारा, दोघांच्या पगाराची चिठ्ठी एकाच कंपनीची. केट ईव्ह्स यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी झाली. 19 सप्टेंबर 2023 रोजी आलेल्या अहवालाने एप्रिल ते ऑगस्ट 2017 या पाच महिन्यांतल्या अशा 19 प्रसंगांवर बोट ठेवलं, ज्यांत अमानुष किंवा मानहानीकारक वागणुकीला मनाई करणाऱ्या मानवाधिकाराचा भंग झाल्याचा विश्वासार्ह पुरावा होता. अहवालाने 33 शिफारशी केल्या. त्यांतली एक होती, कायद्याने 28 दिवसांची कमाल मर्यादा घालण्याची. संसदेच्या सर्वपक्षीय गटाने 2015 मध्ये हेच मागितलं होतं. सरकारने दोन्ही वेळा नकार दिला.

मला या अहवालातली सर्वांत बोलकी गोष्ट मारहाणीची वाटत नाही, एका फॉर्मची वाटते. 2001 च्या स्थानबद्धता नियमांत ‘रूल 35’ आहे. स्थानबद्धतेमुळे कुणाची प्रकृती ढासळेल असं वाटलं, कुणाच्या मनात आत्महत्येचे विचार असल्याचा संशय आला, किंवा कुणाचा पूर्वी छळ झाला असेल अशी शंका आली, तर केंद्रातल्या डॉक्टरने तसा अहवाल द्यायचा. तो होम ऑफिसकडे जातो आणि माणसाला ठेवायचं की सोडायचं याचा फेरविचार तिथे व्हायचा असतो. कागदावर तटबंदी मजबूत आहे. पण ब्रूक हाउसमध्ये त्या पाच महिन्यांत आत्महत्येच्या विचारांबद्दलचा असा एकही अहवाल भरला गेला नाही. त्याच काळात आत्महत्येच्या धोक्यासाठी अनेकांवर पाळत ठेवण्याच्या फायली मात्र उघडल्या जात होत्या. म्हणजे धोका सगळ्यांना माहीत होता. त्यावर पहारा बसवला गेला, पण सुटकेचा विचार सुरू करणारा कागद पुढे सरकला नाही. पहाऱ्याची फाइल कुलपाच्या सोयीची होती, रूल 35 चा फॉर्म गैरसोयीचा.

फॉर्म भरला गेला तरी प्रश्न संपत नाही. 2016 पासून ‘धोक्यातील प्रौढ’ या नावाचं धोरण आहे आणि त्यात पुराव्याच्या तीन पायऱ्या आहेत. माणसाने स्वतः सांगितलं तर पहिली पायरी, डॉक्टर किंवा तत्सम व्यावसायिकाने दुजोरा दिला तर दुसरी, आणि स्थानबद्धतेने इजा होण्याची शक्यता आहे असं त्या व्यावसायिकाने म्हटलं तर तिसरी. नंतर होम ऑफिसचा अधिकारी हा पुरावा एका पारड्यात ठेवतो आणि दुसऱ्यात इमिग्रेशनची कारणं ठेवतो: तो कसा आला, पूर्वी अटी मोडल्या का, लवकर परत पाठवता येईल का. छळाच्या खुणा मान्य करूनही स्थानबद्धता कायम ठेवण्याचा निर्णय या चौकटीत पूर्णपणे नियमानुसार ठरतो. ज्या खात्याला परत पाठवलेल्यांच्या आकड्यांचा जाब द्यावा लागतो, त्याच्याच हातात हा तराजू आहे. एकेक अधिकारी भला असेल. तरी पारडं कुठे झुकेल ते अगोदरच ठरलेलं असतं.

मुलांच्या बाबतीत हाच दोष अधिक उघड दिसतो. ब्रिटनचा 1989 चा बालक कायदा स्पष्ट आहे. ज्या मुलाचं पाहणारं कुणी नाही, ते ज्या स्थानिक कौन्सिलच्या हद्दीत असेल तिने त्याची जबाबदारी घ्यायची. मूल केंटचं की काबूलचं, हा प्रश्न कायदा विचारत नाही. पण डोव्हरचा किनारा केंट काउंटीत येतो. छोट्या बोटींतून एकट्या मुलांची संख्या वाढली तेव्हा केंटने भार पेलत नसल्याचं सांगून हात वर केले आणि 2021 च्या जुलैपासून होम ऑफिसने या मुलांना थेट हॉटेलांत ठेवायला सुरुवात केली. त्या मुलांचं कायद्याच्या अर्थाने पालक कुणीच नव्हतं. शाळा, आजार, रात्री कोण कुठे गेलं, या गोष्टी बघणारी बालसंरक्षणाची रीतसर व्यवस्था तिथे नव्हती.

2023 च्या जानेवारीत इमिग्रेशनमंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी संसदेत हिशेब दिला. तोवर अशी 4,600 मुलं हॉटेलांत राहिली होती, मुलं बेपत्ता होण्याच्या 440 घटना घडल्या होत्या आणि 200 मुलं तेव्हाही सापडलेली नव्हती. कुठल्याही जिल्ह्यातल्या बालगृहातून दोनशे मुलं नाहीशी झाली असती तर त्या जिल्ह्याचा कारभार दुसऱ्या दिवशी बंद पडला असता. इथे ती मुलं बहुतांशी आकड्यांच्या रकान्यात राहिली. त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनच्या हायकोर्टाने मुलांना सर्रास आणि पद्धतशीरपणे हॉटेलांत ठेवणं बेकायदा ठरवलं आणि केंट कौन्सिलनेही आपलं कर्तव्य मोडल्याचं सांगितलं. 2024 च्या सुरुवातीला ती शेवटची हॉटेलं बंद झाली.

2023 च्याच उन्हाळ्यात डोव्हरच्या नोंदणी केंद्रातल्या भिंतींवरची चित्रं मंत्र्यांच्या आदेशावरून रंगाचा हात मारून पुसली गेली. समुद्र ओलांडून आलेल्या मुलांना जिथे प्रथम नेलं जायचं त्या जागेच्या भिंतीवर मिकी माउस होता आणि ‘जंगल बुक’मधला बालू अस्वल होता. ‘जंगल बुक’चा लेखक किपलिंग मुंबईत जन्मला, म्हणून आपल्याला ते अस्वल अंमळ जवळचं. चित्रं फार स्वागतशील वाटतात, असं कारण बातम्यांत आलं. मुलांच्या कल्याणाशी ज्याचा संबंध आहे असा कुठलाही अधिकारी भिंतीवरचं अस्वल पुसायला सांगणार नाही. तो आदेश निघू शकला, कारण ती भिंत सीमा-नियंत्रणाच्या ताब्यात होती.

आता केंद्राबाहेरच्या आश्रयार्थीकडे वळू. तो मोकळा आहे, पण त्याला काम करायला मनाई आहे. अर्जाचा निकाल वर्षभर लागला नाही तर तो परवानगी मागू शकतो, तीही ठरावीक यादीतल्या कामांसाठीच. 2024 मध्ये स्वतः रांधणाऱ्याला आठवड्याला 49.18 पौंड मिळत होते आणि जेवण देणाऱ्या हॉटेलात राहणाऱ्याला 8.86 पौंड. आठवड्याच्या या 8.86 पौंडांतून बसचं भाडं, फोन आणि साबण भागवायचं, वकिलाकडे जायचं झालं तर त्याचाही खर्च यातच. एखादी बाई डॉक्टरकडे जाऊ लागली, मूल शाळेत रुळलं, की दुसऱ्या शहरात हलवल्याची नोटीस येऊ शकते, आणि नव्या गावी दवाखाना, शाळा, सोशल वर्कर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

या धोरणामागचा विचार वेळोवेळी उघडपणे बोलला गेला आहे: इथलं जगणं फार सुसह्य केलं तर आणखी लोक येतील. 2002 च्या कायद्याने तर देशात येताच अर्ज न करणाऱ्यांचा आधारच तोडला. लोक पोलीस ठाण्याबाहेर उघड्यावर रात्री काढू लागले, आणि 2005 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायमूर्तींना सांगावं लागलं की माणसाला कामही करू द्यायचं नाही आणि उपाशी रस्त्यावर ठेवायचं, ही अमानुष वागणूक आहे. त्याआधी 1996 मध्ये अशाच एका नियमावर निकाल देताना न्यायमूर्ती सायमन ब्राउन यांनी 1803 च्या एका निवाड्याची आठवण करून दिली होती. परदेशी गरिबालाही उपाशी मरू न देण्याचं बंधन माणुसकीच्या कायद्याने येतं आणि तो कायदा संसदेच्या सगळ्या कायद्यांहून जुना आहे, असा त्या निवाड्याचा आशय होता. म्हणजे हा विचार ब्रिटनला बाहेरून शिकवायची गरज नाही, त्यांच्याच कोर्टांनी तो पुनःपुन्हा सांगितला आहे. तरीही नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारने हा आधार देण्याचं कायदेशीर बंधन काढून तो खात्याच्या मर्जीवर ठेवण्याचा मनोदय जाहीर केला.

इथे 28 या आकड्याकडे पाहावं. स्थानबद्धतेला 28 दिवसांची मर्यादा घालणं अव्यवहार्य आहे असं सरकार म्हणतं. पण एखाद्याचा अर्ज मंजूर होऊन तो रीतसर निर्वासित ठरला की त्याचं घर आणि पैसे 28 दिवसांत बंद करणं अनेक वर्षं सहज जमत आलं. तेवढ्यात त्याने घर शोधायचं, बँकेत खातं उघडायचं. सरकारी साहाय्याचा पहिला हप्ता मात्र हाती पडायला पाच आठवडे लागतात. डिसेंबर 2024 मध्ये ही मुदत प्रयोग म्हणून 56 दिवस केली गेली आणि पुढच्या वर्षी एकट्या प्रौढांसाठी पुन्हा 28 वर आणली. ज्यांचा दावा सरकारनेच खरा ठरवला, ते या फटीतून रस्त्यावर येतात. खात्याला मुदती पाळता येत नाहीत असं नाही. माणसाच्या बाजूच्या मुदतीची त्याला अडचण वाटते.

हे असंच व्हायला हवं होतं का? नाही, आणि याचा दाखला कोल्हापूरजवळून सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हद्दीत हद्दपार झालेले पोलिश लोक इराणमार्गे बाहेर पडले. त्यांतल्या सुमारे पाच हजारांसाठी, त्यात मुख्यतः स्त्रिया आणि मुलं होती, 1943 मध्ये वळिवड्याला छावणी उभी राहिली. खर्च लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारचा होता. बराकी साध्या होत्या, पण छावणीत शाळा होत्या, इस्पितळ होतं, चर्च होतं आणि लोक कोल्हापूरच्या बाजारात जात-येत होते. 1948 पर्यंत छावणी रिकामी झाली आणि यातले अनेक जण ब्रिटनला गेले, कारण त्यांचे नवरे, भाऊ आणि मुलगे ब्रिटिश सेनापतींच्या हाताखाली लढले होते.

ब्रिटन तेव्हा युद्धाने खंगलेलं होतं. पाव रेशनवर होता, घरांची टंचाई होती, कामगार संघटनांचा पोलिश मजुरांना विरोध होता. तरी संसदेने 1947 मध्ये पोलिश पुनर्वसन कायदा केला आणि कामं वाटून दिली. छावण्या आणि भत्ते दारिद्र्य-साहाय्य पाहणाऱ्या असिस्टन्स बोर्डाकडे गेले. शिक्षण शिक्षणखात्याने, औषधोपचार आरोग्यखात्याने आणि रोजगार मजूरखात्याने पाहायचा होता. एक लाखाहून जास्त माणसांची सोय लावताना काळजीचं काम सीमा राखणाऱ्या खात्याला दिलं नाही. पोलिश लोक मित्रसैन्यातले होते आणि त्यांच्याबद्दल कृतज्ञता होती, हे खरंच. पण कामाची ही वाटणी कृतज्ञतेवर अवलंबून नव्हती, तो साधा प्रशासकीय शहाणपणा होता. वळिवड्याहून गेलेल्या बायकामुलांना तो मिळाला, आजच्या सुदानी मुलाला मिळत नाही.

यावरचे आक्षेप हलके नाहीत. कोण आत यावं हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे आणि तो मला मान्य आहे. काही दावे खोटे असतात, हेही खरं. पण खोटा दावा ओळखायला वेगवान आणि नीट निर्णय लागतो. माणसाला अमुदत कोंडल्याने दाव्याचा खरेखोटेपणा कळत नाही. 2018 ते 2023 या वर्षांत स्थानबद्धतेतून बाहेर पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक जामिनावर ब्रिटनमध्येच सोडले गेले. देशाबाहेर पाठवायचं म्हणून कोंडलं आणि मग त्याच देशात सोडलं, तर त्या कोंडण्याने काय साधलं?

दुसरा आक्षेप, सवलती पाहून लोक येतात. बेकायदा राहणाऱ्यांचं जगणं अवघड करणारं ‘प्रतिकूल वातावरणा’चं धोरण 2012 मध्ये जाहीर झालं. इंग्लिश खाडी छोट्या बोटींतून ओलांडणारे 2018 मध्ये सुमारे 300 होते, 2022 मध्ये 45 हजारांवर गेले. या वाढीला अनेक कारणं आहेत, पण हालअपेष्टांनी लोक थांबले नाहीत एवढं नक्की. तिसरा आक्षेप पैशाचा. निवासाच्या कंत्राटांचा 2019 ते 2029 चा अंदाज साडेचार अब्ज पौंड होता. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने 2025 मध्ये तो पंधरा अब्जांच्या पुढे गेल्याचं दाखवलं. हा पैसा आश्रयार्थीच्या हाती पडत नाही, तो कंत्राटदार आणि हॉटेलांकडे जातो. अशी हॉटेलं रागाचं ठळक लक्ष्यही होतात. ऑगस्ट 2024 मध्ये रॉदरहॅमजवळ आत माणसं असताना अशाच एका हॉटेलला आग लावण्याचा प्रयत्न झाला.

स्थानबद्धतेला पर्यायही करून पाहिलेला आहे. 2019 पासून दोन वर्षं न्यूकॅसलमध्ये काही स्त्रियांना केंद्रात ठेवण्याऐवजी साध्या घरांत ठेवलं गेलं आणि त्यांना सोशल वर्करची मदत व वकिलाचा सल्ला दिला. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने त्याचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं. खर्च स्थानबद्धतेच्या निम्म्याहून कमी होता, आणि त्या स्त्रियांची मनःस्थिती सुधारली होती.

इंग्रजांकडे बोट दाखवताना आपणही आरशात पाहिलं पाहिजे. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. आसाममधल्या स्थानबद्धता केंद्रांत परकीय ठरवलेली माणसं वर्षानुवर्षं अडकली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तीन वर्षं पूर्ण झालेल्यांना अटींवर सोडायला सांगितलं आणि 2020 मध्ये ती अट दोन वर्षांवर आणली. दोन वर्षं ही लाजिरवाणी लांब मुदत आहे. पण मुदत ठरवता येते, एवढं तरी त्यातून सिद्ध झालं.

तेव्हा मागण्या तीन आहेत. पहिली, स्थानबद्धतेला कायद्याने 28 दिवसांची मर्यादा घाला आणि पहिल्या काही दिवसांतच न्यायाधीशापुढे सुनावणी ठेवा. दुसरी, छळ झालेल्या किंवा आजारी माणसाबद्दल डॉक्टरने दिलेला निष्कर्ष होम ऑफिसवर बंधनकारक करा, आणि तो डॉक्टर केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या पगारावरचा नसावा. तिसरी, घर, भत्ता, मुलांचा सांभाळ आणि अपंग-आजारी माणसांची शुश्रूषा पूर्णपणे कौन्सिलांकडे द्या आणि हॉटेलांवर जाणारा पैसा त्यांच्याकडे वळवा. सीमा होम ऑफिसने सांभाळावी. त्याच्या आड येणारं यात काहीच नाही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना एक थेट सांगणं आहे. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे तिथे कायदेशीरपणे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत मतदान करता येतं, त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. आश्रयार्थीला मत नाही, तुम्हाला आहे. मतदारयादीत नाव नोंदवा, आपल्या खासदाराला पत्र लिहा आणि या तीन मागण्यांवर त्याची भूमिका काय, ते लेखी विचारा.